चार दिवसांत चार किलो

अक्कांना माणसं नावाने लक्षात राहत नसत, वजनाने राहत. "ती जळगावची, एकावन्न किलोवाली," असं त्या आधीच्या भाडेकरणीबद्दल बोलायच्या. "आन् तो चष्मेवाला पोरगा, आला तवा अठ्ठावन्न, गेला तवा सदुसष्ट. माझ्या घरात कोन वाळत न्हाई." हे सांगताना शाळेचा शंभर टक्के निकाल सांगणाऱ्या मुख्याध्यापिकेसारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

मी नेरे गावात त्यांच्याकडे राहायला गेले ती दिवाळीच्या तोंडावर. हिंजवडीतल्या ऑफिसपासून जवळ, घराच्या मागच्या बाजूला, स्वतंत्र दाराची खोली. स्वतंत्र दारामुळेच मी ती घेतली होती. टेम्पोतून सामान उतरवून झालं, तशा अक्का म्हणाल्या, "चल, काट्यावर चढ."

मला वाटलं बॅगेचं वजन करायचं असेल. मी बॅग उचलली.

"बॅग न्हाई गं. तू."

अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक लोखंडी वजनकाटा होता. खाली पोतं ठेवायला चौकोनी फळी, वर आडवी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. अक्कांचे यजमान होते तेव्हा कापणीच्या दिवसांत अर्ध्या गावाचं भात या काट्यावर मोजलं जायचं. पुढे यजमान गेले, गावातली बरीचशी भातशेती इमारतींखाली गेली. काटा मात्र राहिला, आणि त्याला काम पुरवणं ही अक्कांची जबाबदारी झाली. गॅसचा सिलिंडर आला की आधी काट्यावर. फ्लॉवरचा गड्डा काट्यावर. शेजारणीची तान्ही नात, दुपट्यात गुंडाळून, काट्यावर. त्यातून दुपट्याचं वजन वजा.

"एकाहत्तर," अक्कांनी जाहीर केलं. "बुटाचं अर्धा किलो सोड."

शेजारच्या खोलीतली दोन मुलं तारेवर कपडे वाळत घालत होती. त्यातल्या एकाने विनाकारण चिमटे मोजायला सुरुवात केली. मी आत गेले, दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या वेळेलाच ते उघडलं. माझ्याकडे कुणी पाहिलेलं मला आवडत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी कॅमेरा बंद ठेवते आणि प्रश्न विचारायचा झाला तर लिहून पाठवते. अशा मुलीला हे घर मिळालं होतं.

अक्कांचे दोन्ही गुडघे गेले होते. पण बसून राहणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी चालण्याची एक वेगळी रीत काढली होती. हातात लाल प्लॅस्टिकची खुर्ची. ती पुढे टेकवायची, तिच्या आधाराने चार पावलं टाकायची, वळून खुर्चीत बसायचं, श्वास घ्यायचा, कुणावर तरी ओरडायचं, उठायचं, पुन्हा चार पावलं. असं करत त्या दिवसभर अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करत. सकाळी सहाला फरशीवरून खुर्ची फरफटल्याचा आवाज सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला थांबायचा. सुट्टीच्या दिवशी मी पडल्या पडल्या तो आवाज ऐकायचे आणि त्यावरून खुर्ची कुठे पोचली ते ओळखायचे. नळ. शेड. गेट. गेटापाशी ती जरा जास्त वेळ थांबायची, मग उलटी फिरायची.

घरामागे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या कडेला, अक्कांची दोन खाचरं होती. बांध घालून पाणी अडवलेल्या भाताच्या शेताला खाचर म्हणतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी इंग्रजी शाळेत वाढले. माझ्या पुस्तकात भाताच्या शेताचं चित्र होतं, पण खाली शब्द दुसरा होता. बाकी सगळी जमीन टप्प्याटप्प्याने विकून झाली होती. ही दोन खाचरं अक्कांच्या नावावर होती आणि त्यांतलं भात घरात खाण्यापुरतं यायचं. गेली दोन वर्षं अक्का तिथे उतरू शकल्या नव्हत्या. वरून, शेडच्या मागच्या कठड्याशी खुर्ची लावून, त्या मजुरांना ओरडून सूचना द्यायच्या. अर्ध्या वाऱ्यावर जायच्या.

मी आले त्याच आठवड्यात कापणी झाली आणि पोती वर आली. मजूर म्हणाला, "अक्का, वाळलंय चांगलं." अक्कांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातून चार दाणे काढले आणि एक दाढेखाली धरला. मग तोंड वाकडं केलं.

"कट् म्हनला का? न्हाई म्हनला. मऊ हाय अजून. ह्यात पोत्यामागं सात-आठ किलो नुसतं पानी हाय."

"ऊन दिलंय दोन दिस."

"वरच्याला दिलंस. पोटातल्याला कोन देनार?"

सगळी पोती अंगणात ओतली गेली. आठवडाभर आम्ही सगळे भाडेकरू दाराबाहेर पडताना भाताच्या कडेकडेने, भिंतीला अंग घासत जात होतो. अक्का खुर्ची सरकवत पायाने भात उलथत होत्या. पुन्हा वजन झालं तेव्हा प्रत्येक पोतं हलकं भरलं. एखाद्याला वाटलं असतं नुकसान झालं. अक्का खूश होत्या. "आता हाय तेवढा दाना हाय," त्या म्हणाल्या.

जानेवारीत मी डाएट सुरू केलं. कारण सांगण्यासारखं नाही. मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो आले होते, एवढंच. भात बंद, पोळी बंद, साखर बंद, मीठ नावापुरतं. सकाळी काकडी, दुपारी उकडलेली अंडी, रात्री पातळ सूप. अंगणातल्या काट्यावर मी मेले तरी चढणार नव्हते, म्हणून काचेचा एक छोटा काटा मागवला. आठव्या दिवशी तीन किलो कमी. मी तीनदा उतरून चढून पाहिलं. मग आईला फोन केला. आईने मावशीला केला. संध्याकाळपर्यंत तीन गावांत माझी बातमी पोचली होती.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी आपण होऊन अक्कांशी बोलायला गेले. त्या नळाच्या टप्प्यावर बसल्या होत्या.

"अक्का, माझं तीन किलो वजन कमी झालं."

"किती दिसांत?"

"आठ."

अक्कांनी माझा दंड दोन बोटांत धरला आणि दाणा तपासावा तसा दाबला. "दंड हाय तसाच हाय. पानी गेलंय पोरी."

"तीन किलो पाणी कसं असेल?"

"मला काय ठावं कसं. पर आठ दिसांत कुटं दाना हलका होतो?"

मी चिडून खोलीत आले आणि मोबाइलवर शोधलं. अक्का बरोबर होत्या. शरीर थोडी साखर साठवून ठेवतं आणि त्या साखरेबरोबर तिच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. खाणं तोडलं की आधी ती साखर संपते आणि पाणी निघून जातं. मीठ तोडलं की आणखी जातं. काटा भराभर खाली येतो. चरबी तोवर जागची फारशी हललेलीही नसते. तिचं काम सावकाश, नंतर, आणि कुणाला फोन करून सांगावं असं काही त्यात नसतं. पुढच्या रविवारी ऑफिसच्या मैत्रिणीकडे मी बिर्याणी खाल्ली आणि सोमवारी दोन किलो परत आले. मी पायरीवर तोंड पाडून बसले होते. खुर्ची फरफटत माझ्यासमोर येऊन थांबली.

"आता काय?"

"दोन किलो वाढले."

"एका जेवनात? दोन किलोचं जेवलीस व्हय? आगं, पानी परत आलंय. आपल्या घरी पाव्हना परत येतो तसं. रडतीस कशाला?"

तेव्हापासून संध्याकाळी ऑफिसमधून आले की पाच-दहा मिनिटं मी त्यांच्यापाशी थांबू लागले.

अक्कांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं, पण एका अटीवर. वजन एक्क्याण्णव होतं. ते त्र्याऐंशीवर आणून दाखवा, मग तारीख. त्या अटीवर दुसरी एक अट बसली होती. ती त्यांच्या मुलाची. तो पुढच्या बंगल्यात राहायचा, जमिनींचे व्यवहार करायचा, आणि वाईट माणूस नव्हता. रोज संध्याकाळी आईला बघायला यायचा, उभ्यानेच. त्याच्याकडे खाचरांसाठी गिऱ्हाईक आलं होतं.

"आये, तुला तितं उतरता येत न्हाई, मला टाइम न्हाई. मजूर काय करतोय ते कुनाला दिसतंय? ठेवायचं कशापायी?"

"मी बगते हितनं."

"हितनं बगून शेती हुती व्हय? बरं, ऐक. रोप टाकायच्या आत तू सोताच्या पायानं बांधावर उतरून दाखव. मी पुन्हा इषय काढनार न्हाई. न्हाई जमलं तर सही करायची."

"करते की," अक्का म्हणाल्या. "उतरते."

तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मार्चात ऑपरेशन झालं तर जूनपातुर पाय धरंल का गं?"

मी म्हणाले, धरेल. मला काहीच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीभर त्यांनी मनापासून प्रयत्न केला. चहातली साखर गेली, फरसाण गेलं. वजन अठ्ठ्याऐंशीवर आलं आणि तिथेच बसलं. अक्का दिवसातून चारदा काट्यावर चढायच्या. दांडीवरचं वजन सरकवताना त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची, जणू समोरच्या व्यापाऱ्याशी घासाघीस चालली आहे. डॉक्टरांची वेळ मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी होती. मला हॉस्पिटलमध्ये बरोबर नेणार होत्या, कारण तिथली रिसेप्शनिस्ट इंग्रजी बोलते आणि "इंग्रजी बोलनाऱ्यावर इंग्रजी सोडायला पायजे."

त्या आठवड्यात मी घरून काम करत होते. सोमवारी खुर्चीचा आवाज आला नाही. मी बाहेर डोकावले, तर भर दुपारी अक्का शेडबाहेर उन्हात बसल्या होत्या, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर.

"अक्का, बरं नाही का?"

"लई बरं हाय. तू तुजं काम कर."

मंगळवारी त्या संडासाकडे सारख्या जात होत्या. खुर्चीची एवढी धावपळ मी कधी ऐकली नव्हती. ओट्यावर एरंडेलाची बाटली दिसली. बुधवारी मी त्यांना पाणी नेऊन दिलं, तर त्यांनी तांब्या तुळशीत ओतला. गुरुवारी त्यांचे ओठ फुटले होते आणि बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती. मला सगळं कळलं होतं. खरं तर सोमवारीच कळलं होतं. पोत्यातली ओल दाढेखाली ओळखणारी बाई स्वतःला भातासारखी वाळवत होती. दुसऱ्याने असा माल तिच्या काट्यावर आणला असता तर तिने तो परत पाठवला असता. पण हा काटा डॉक्टरांचा होता, आणि या वेळी अक्का माल आणणाऱ्याच्या बाजूला उभ्या होत्या. मी नुसती दाराआडून बघत राहिले, जसं मी बऱ्याच गोष्टींच्या बाबतीत करते.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या काट्यावर चौऱ्याऐंशी भरलं.

"अरे वा!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अक्का, कमाल केलीत. एका किलोसाठी मी अडवणार नाही. तपासण्या करून घेऊ आणि तारीख काढू. लोक ऐकत नाहीत हो, तुम्ही ऐकलंत."

अक्का हसल्या. हसताना खालच्या ओठाला पडलेल्या भेगेतून रक्ताचा ठिपका आला. तो त्यांनी पदराने टिपला. मला शेताकडे जाणारा तो उतार दिसत होता, त्यांचा मुलगा दिसत होता, आणि हेही दिसत होतं की या बाईला धड उभं राहता येत नाहीये. डॉक्टर लिहायला लागले. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. अक्का माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. मराठीत बोलले असते तर त्यांच्याकडे बघून बोलावं लागलं असतं.

म्हणून मी इंग्रजीत बोलले. भराभर, खालच्या आवाजात, टेबलाच्या कडेकडे बघत. चार दिवस पाणी जवळपास नाही, एरंडेल, ऊन. हे चारही किलो पाण्याचे आहेत.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी अक्कांच्या हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायला तिने वेळ घेतला. बीपी बघितलं. मग बेल वाजवली. पुढचे सहा तास अक्कांना सलाइन लागलं होतं. रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले की मूत्रपिंडांवर ताण आला आहे, उतरेल तो, पण आणखी एखादा दिवस हे चाललं असतं तर गुडघ्यांचा विषयच राहिला नसता. तारीख नाही. तीन महिन्यांनी या, आणि खरं वजन घेऊन या.

तीन महिने म्हणजे जूनचा शेवट. रोपं जूनच्या सुरुवातीला टाकतात.

संध्याकाळी अक्का रिक्षातून गेटपाशी उतरल्यावर खुर्चीला हात लावून म्हणाल्या, "सांगायचं हुतं तर मराठीत सांगायचं. माज्या तोंडावर."

नंतर अकरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. अबोला धरणं त्यांना येत नव्हतं. त्या माझ्याऐवजी काट्याशी बोलायच्या, मोठ्याने. "काय रं, तू तरी इंग्रजी शिकलास का?" मी खोलीत बसून ऐकायचे. दोनदा मी दुसरी खोली बघायला गेले, चांद्यात एक, मारुंजीला एक. दोन्ही चांगल्या होत्या. दोन्हीकडे मी होही म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

बाराव्या दिवशी दारावर खुर्ची आपटली.

"भाईर ये. आता मराठीत सांग."

"काय?"

"चरबी कशी जाती ते. पानी कसं जातं ते मला ठावं हाय."

मी पायरीवर बसले आणि सांगायला लागले. मला शब्द सापडत नव्हते. ज्या गोष्टी मी इंग्रजीत सहज वाचल्या होत्या त्यांना मराठीत आणताना एकेक वीट उचलावी लागत होती. अक्का मधे मधे अडवत होत्या.

"हळूहळू म्हंजे किती हळू?"

"आठवड्याला अर्धा-पाऊण किलो. कधी तेवढंही नाही."

"आन् काटा जागचा हलला न्हाई तर?"

"तरी आत काम चालू असतं. पाणी वरखाली होतं, त्यामुळे काटा फसवतो."

"माजा काटा न्हाई फसवत."

"काटा बरोबरच असतो अक्का. पण त्याला पाणी आणि चरबी वेगळं सांगता येत नाही."

हे त्यांना पटलं. त्यांनी एकदा शेडखालच्या काट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुला बी जमत न्हाई, मला बी जमत न्हाई. दोगी मिळून करू. तू माज्यावर नजर ठेव. तुला तेवढंच तर येतं."

ती शिवी होती की पावती, मला आजही सांगता येणार नाही.

भातावरून पहिलं भांडण झालं. त्यांच्या ताटात इंद्रायणीचा डोंगर असायचा आणि तो त्या सोडणार नव्हत्या. "जलमभर लावला, कापला, वाळवला, आन् खायाचा न्हाई?" मी म्हणाले, सोडू नका, अर्धा करा. अर्धा म्हणजे किती यावर पुन्हा भांडण. शेवटी वाटी ठरली. त्यांनी घरातली सगळ्यात मोठी वाटी आणली. मी ती परत पाठवली. उरलेल्या जागेत उसळ, पालेभाजी, ताक. मीही तेच जेवायला लागले, त्यांच्या ओट्याशी उभी राहून, आणि काकडी-सूप माझ्या आयुष्यातून गेलं. काटा फक्त रविवारी, सकाळी, असा नियम केला. तो त्यांनी रोज मोडला. मी ऑफिसला जाताना गेटमधून मागे वळून बघायचे, तर त्या काट्यावर उभ्या आणि नजर आभाळाकडे, जणू सहज चढल्या आहेत.

खुर्चीची पावलं वाढवली. चाराची पाच, पाचाची सात. मी पुढे उलटी चालायचे आणि मोजायचे. आधी पुटपुटत, मग अक्का ओरडल्या, "ऐकू येत न्हाई!" म्हणून मोठ्याने. शेजारच्या खोलीतली मुलंही कधी कधी दारातून आकडा ओरडायची. मला त्याचं काही वाटेनासं झालं.

एप्रिल अर्धा संपला आणि वजन अडकलं; पुढे दोन आठवडे हललंच नाही. मुलगा संध्याकाळी यायचा, आईकडे बघायचा, कठड्यावरून खाचरांकडे एक नजर टाकून जायचा. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. एका रविवारी अक्का काट्यावरून उतरल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. एरंडेलाची बाटली त्यांच्या हातात होती.

"अक्का."

"पोरी, दिस सरत चाललेत. त्याला काय दाखवू? वाटी?"

मला वाटलं आता पुन्हा माझी जीभ अडकणार. पण मी त्यांच्याकडे बघून, मराठीत, म्हणाले, "तुम्हाला काट्याला दाखवायचंय की उतार उतरायचाय?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मग बाटली माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर त्या सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. ब्लाउज बाह्यांना ढगळ होत होते. दोन बोटं कापड आत घेत होत्या. "काट्याला कळंना," त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "पर शिवनीला कळलं."

मेमध्ये काटा पुन्हा हलला. थोडा, नाइलाजाने. जूनच्या पहिल्या रविवारी त्यावर चौऱ्याऐंशी आलं. तोच आकडा, जो मार्चमध्ये हॉस्पिटलात आला होता. त्या दिवशी त्या भिंत धरून उभ्या होत्या. आज त्या काट्यावरून उतरल्या, खुर्चीकडे न बघता शेडच्या मागच्या कठड्यापर्यंत गेल्या आणि मग आठवण झाल्यासारख्या थांबल्या.

"गुडघा बोलतोय अजून," त्या म्हणाल्या. "पर ओरडत न्हाई."

ऑपरेशन अजून लांब होतं. गिऱ्हाईक मात्र मंगळवारी संध्याकाळी येणार होतं. मंगळवारी दुपारी तीनला अक्कांनी माझं दार वाजवलं. हातात काठी. "लॅपटॉप मिट."

उतार मोठा नव्हता. धडधाकट माणूस दोन मिनिटांत उतरला असता. आम्हाला चाळीस लागली. मी पुढे, उलटी, दोन्ही हात पसरून. त्या मागे, तिरप्या होऊन, एक पाय ठेवायचा, काठी रोवायची, दुसरा पाय त्याच्याशेजारी आणायचा. मातीचे खडे घरंगळत माझ्या पायांवरून जात होते. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तोंडाने त्या जमिनीला, मुलाला, डॉक्टरला आणि मला आळीपाळीने शिव्या देत होत्या. अर्ध्यावर त्यांचा डावा पाय वाकला. मी धरायला झेपावले.

"हात लावू नको! सोताच्या पायानं म्हनलाय त्यो."

मी हात मागे घेतला. ते माझ्यासाठी धरण्यापेक्षा अवघड होतं.

शेवटी त्या बांधावर पोचल्या आणि बसल्या. दोन्ही पाय खाचरात सोडून. पदराने त्यांनी घाम पुसला. मग काठीने ढेकूळ फोडलं, माती चिमटीत घेतली, वास घेतला.

"जा," त्या म्हणाल्या. "बोलाव त्याला."

मी त्याला सांगून परत खाली उतरले, तोवर मुलगा वर कठड्याशी आला. पांढरे बूट, कानाला फोन. खाली आई दिसल्यावर फोन कानापासून लांब गेला.

"आये! तितं कशी गेलीस?"

"चालत! ठरलं हुतं की तुजं!"

"बरं, बरं! वर ये आता!"

"वर यायचं कुटं ठरलं हुतं? उतरून दाखव म्हनलास, उतरले! आता मी हितंच हाय!"

त्याच्या फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मग तो उतरायला लागला, बूट घसरत, एका हाताने झुडपं धरत. खाली आला आणि आईसमोर पाठ करून वाकला.

"बस पाठीवर."

"चौऱ्याऐंशी किलो हाय. झेपंल का?"

"बस म्हंतो ना."

"आदी तू बस. हितं, बाजूला."

तो बुटांकडे बघत बांधावर टेकला. दोघंही समोरच्या खाचराकडे बघत होते. मी चार पावलं लांब जाऊन ओढ्याकडे तोंड करून उभी राहिले. पण ऐकू येत होतं.

"हितं बसून किती वर्सं झाली रं तुला?"

त्याने बुटावरची माती झटकली. फोन पुन्हा वाजला. त्याने नाव बघितलं, आईकडे बघितलं, आणि घेतला.

"हां, बोला... न्हाई, आज नका येऊ. न्हाई, उद्या बी नको." तो थांबला. पलीकडचा माणूस खूप बोलत असावा. "आवो, ऐका ना. यंदा भात लावतोय आमी तितं."

त्याने फोन खिशात ठेवला. अक्का त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची काठी बांधाच्या एका खचलेल्या जागेवर टेकली होती आणि तिथली माती त्या टोचून बघत होत्या.

"हितनं पानी फुटनार," त्या म्हणाल्या. "माती टाकाय लागनार आदी. मग बसलायस काय नुसता? ऊठ. मला बी उठव. लई कामं हायेत."